पिवळा दिवा, तांबडा दिवा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही ट्रॉम्ब्याहून आलो आहोत. ट्रॉम्बे तुम्ही पाहिले नसेल, पण तुमच्या वावरात ते कधीचेच येऊन बसले आहे. सुफलाचे पोते जिथून निघते ते ट्रॉम्बे. टीएजी-२४ भुईमूग तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पेरला असेल. त्यातला ‘टी’ ट्रॉम्ब्याचा, ‘ए’ अकोल्याचा. तिथले अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून तो वाण काढला. टीएयू-१ उडदाचेही तेच. त्याच ट्रॉम्ब्यात तेलाच्या रिफायनऱ्या आहेत, टँकरच्या रांगा आहेत, आणि त्या रांगांच्या कडेला आमची गॅरेजे आहेत. आम्ही गाड्या चालवतो आणि गाड्या खोलतो. आमच्यातले बरेच जण तुमच्याच भागातले. कोरडवाहूत भागेना म्हणून खाडीच्या काठाला जाऊन राहिलेले.

कार्यकर्ते म्हणाले, कापसाच्या भावावर बोलणारे पुष्कळ आहेत, तुम्ही गाडीवर बोला. आता बाहेर चिंचेखाली बघा. वीस वर्षांपूर्वी बैठकीला लोक एसटीने आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत यायचे. आज मोटारी उभ्या आहेत. त्यातल्या निम्म्या जुन्या, आणि जुन्यांतल्या कितीतरी मुंबईहून आणलेल्या. एमएच ०१, ०२, ०३, ०४. एमएच ०३ म्हणजे वडाळ्याचे आरटीओ, आमचे. मुंबईवाला पाच-सात वर्षे गाडी वापरतो आणि काढून टाकतो. ती फिरत फिरत तुमच्या दारात येते. कापसाच्या दोन हंगामांचे पैसे त्यात जातात. म्हणून तिच्या समोरच्या पाटीवर जे दिवे लागतात, ते काय बोलतात हे तुम्हाला कळले पाहिजे. आम्ही सगळ्या दिव्यांबद्दल बोलणार नाही. फक्त तीन: ब्रेकचा, एबीएसचा, आणि गाडी घसरताना लागतो तो.

आधी रंग. तांबडा म्हणजे थांब. पिवळा म्हणजे चालू शकतोस, पण सांभाळून चाल आणि लवकर दाखवून घे. एवढे जरी घरातल्या सगळ्यांना पाठ झाले तरी आमचे येण्याचे भाडे वसूल झाले.

तांबडा दिवा असा असतो: गोल, आत उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस. काही गाड्यांत आत इंग्रजी ‘पी’ असते, काहींत इंग्रजीत ‘ब्रेक’ लिहिलेले असते. हा लागला की पहिल्यांदा हँडब्रेक बघा. दहातल्या बऱ्याच वेळा तो अर्धा ओढलेला राहिलेला असतो. हँडब्रेक ओढून गाडी हाकली की मागचे ड्रम तापतात, लायनर जळते, गाडीला ओढ राहत नाही, डिझेल जास्त लागते. हँडब्रेक पूर्ण खाली आहे आणि दिवा तरीही पेटलेला आहे, तर मात्र बॉनेट उघडा.

ब्रेक ऑइलची एक लहान पारदर्शक डबी असते. तिच्या अंगावर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात. तिच्यात एक तरंगता मणी असतो. तेल खालच्या रेघेशी आले की तो बसतो आणि दिवा लावतो. तेल काठावर असेल तर दिवा आधी वळणावर किंवा उतारावर चमकून जातो, सपाटीला आला की विझतो. पुष्कळांना वाटते की वायर लूज आहे. वायर लूज नसते, तेल हिंदकळलेले असते.

आता तेल का उतरले? दोनच कारणे. पॅड झिजले की ते भरून काढायला तेल चाकाकडे जाते. हे हळूहळू, वर्षभरात होते. दुसरे म्हणजे कुठेतरी गळते आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, पायाशी पेडलच्या दांड्यावर ओल आहे का, गाडी रात्रभर उभी होती तिथे जमिनीवर डाग आहे का, हे बघा. नुसते तेल वर भरले की दिवा विझतो, आणि लोक खूश होतात. बोंडात अळी आहे आणि आपण पानावरची धूळ पुसली, असा तो प्रकार.

तेल भरायचेच असेल तर डबीच्या झाकणावर लिहिलेले असते तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि तेही सीलबंद डब्यातले. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, ट्रॅक्टरचे उरलेसुरले काहीही त्यात ओतायचे नाही. रबरी वायसर फुगतात आणि सगळी ब्रेकची लाइन वाया जाते. आणखी एक. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते, जसे उघडे ठेवलेले युरिया ओढते. पाणी शिरलेले तेल लवकर उकळते. सपाटीला ते कळत नाही. कसारा घाट उतरताना, सतत ब्रेकवर पाय असताना कळते. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबला की पेडल पोकळ जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचे, दिवा लागो वा न लागो.

चालत्या गाडीत तांबडा दिवा लागला आणि पेडल खोल गेले तर काय करायचे? मोटारीच्या ब्रेकची लाइन दोन भागांत असते. एक फुटली तरी दुसरी काम करते, फक्त पेडल खोल जाते आणि गाडी थांबायला लांब जाते. घाबरून चावी बंद करायची नाही. चावी बंद केली की ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत जाते. पेडल मऊ लागले तर भराभरा तीन-चार वेळा दाबा, गिअर एकेक करून खाली आणा, हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा, डावीकडे घ्या. थांबल्यावर पुढे गाडी हाकू नका. टोइंगचे पैसे जातात हे आम्हाला माहीत आहे. जाऊ द्या.

आता पिवळा एबीएस. हे काय आहे ते सांगतो, कारण नाव सगळ्यांना माहीत असते आणि काम थोड्यांना. जोराने ब्रेक मारला की चाक जाम होते. जाम झालेले चाक घसरते, आणि घसरणारे चाक वळत नाही. तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ जाते. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग मोजत असते. एखादे चाक जाम व्हायला लागले की त्या चाकाचा ब्रेक किंचित सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते, सेकंदाला दहा-पंधरा वेळा. त्यामुळे ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळवता येते. हे काम चालू असताना पायाखाली पेडल थरथरते, खडखड आवाज येतो. आमच्याकडे आलेले कितीतरी लोक सांगतात, ब्रेक खराब आहे, पाय हलतो. ब्रेक चांगला आहे म्हणूनच हलतो. पाय काढायचा नाही, दाबून धरायचा आणि गाडी जिकडे न्यायची तिकडे वळवायची. जुन्या जीपवर आणि ॲम्बेसेडरवर शिकलेल्यांना ब्रेक मारून-सोडून मारायची सवय आहे. ती त्या गाड्यांना बरोबर होती. एबीएस असलेल्या गाडीत ते काम यंत्र आपल्यापेक्षा चांगले करते. पेडल मऊ पडले तर पंप करा, पेडल कडक आहे आणि थरथरते तर धरून ठेवा. यात घोटाळा नको.

पिवळा एबीएसचा दिवा कायम पेटलेला राहिला, तर साधे ब्रेक चालू आहेत, फक्त ही हुशारी बंद पडली आहे. गाडी तुमच्या वडिलांच्या जीपसारखी झाली आहे असे समजा आणि तशीच चालवा: अंतर राखून, वेग कमी, पावसात आणखी कमी. पण पिवळा एबीएस आणि तांबडा ब्रेक असे दोन्ही एकदम लागले तर गोष्ट वेगळी. पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेक वाटून देणारी जी व्यवस्था आहे तीच गेली असण्याची शक्यता असते. मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते. तिथे हळू करून थांबायचे.

एबीएस सगळीकडे चांगलेच, असेही आम्ही म्हणणार नाही. पांदण रस्त्यावर, मुरमावर, सुट्या गिट्टीवर एबीएसची गाडी थांबायला कधीकधी जास्त अंतर घेते. जाम झालेले चाक पुढे गिट्टीचा ढीग करते आणि त्याला अडते. फिरते चाक त्यावरून चढून जाते. म्हणून गिट्टीवर वेगच ठेवायचा नाही.

तिसरा दिवा. मोटारीचे मागून काढलेले चित्र, आणि खाली दोन नागमोडी रेघा. कोणी ईएसपी म्हणते, कोणी ईएससी, कोणी व्हीएससी. कंपनीगणिक नाव वेगळे, काम एकच. याची सगळ्यात चांगली समज मुंबईतल्या माणसाला येत नाही, तुम्हाला येते. कशी ते बघा.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडले असतात, डाव्या चाकाचे आणि उजव्या चाकाचे. तासाच्या शेवटी धुऱ्याशी वळताना तुम्ही एकच दाबता, आणि ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन वळतो. आणि काळ्या मातीत एक चाक रुतून नुसते फिरायला लागले, दुसरे स्थिर, तर अनुभवी माणूस काय करतो? डिफ लॉक टाकतो. ते नसेल तर फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हळूच दाबतो. फिरणाऱ्याला अडवले की जोर दुसऱ्याकडे जातो आणि ट्रॅक्टर निघतो.

झाले. हेच त्या दिव्यामागचे सगळे शास्त्र. फिरणाऱ्या चाकाला अडवून जोर दुसऱ्याला देणे याला ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. त्यात इंजिनचा जोरही थोडा कमी केला जातो. आणि एकाच चाकाचा ब्रेक दाबून गाडीचे तोंड वळवणे याला स्टॅबिलिटी म्हणतात. तुम्ही पायाने करता ते तिथे यंत्र करते. फरक एवढाच की ट्रॅक्टरवर तुम्ही चार किलोमीटरच्या वेगाने करता, आणि ते शंभरच्या वेगाने, तुम्हाला काही कळायच्या आत.

त्याला कसे कळते? स्टिअरिंगखाली एक सेन्सर सांगतो की माणसाला कुठे जायचे आहे. गाडीच्या मध्यभागी दुसरा असतो; तो सांगतो की गाडी खरोखर किती वळते आहे. दोघांचे जमले तर ठीक. माणूस डावीकडे वळवतो आहे आणि गाडी सरळच चालली आहे, तर आतल्या बाजूचे मागचे चाक धरले जाते. गाडीचे बूड बाहेर फेकले जात असेल, तर बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक धरले जाते. धुरकरी एका बैलाचा कासरा ओढून बंडी सरळ करतो तसे.

याची गरज कशी कळली ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. स्वीडनमध्ये एल्क नावाचे प्रचंड मोठे हरिण रस्त्यात आडवे येते. तिथे नवीन गाडी तपासताना एक कसोटी घेतात: वेगात असताना एकदम बाजूला काढायची आणि लगेच परत आपल्या जागी आणायची. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मर्सिडीजची नवी लहान गाडी, ए-क्लास, या कसोटीत उलटली. जगभर बोभाटा झाला. कंपनीने सुधारणा केल्या आणि स्टॅबिलिटीचे यंत्र त्या गाडीत सरसकट बसवायला घेतले. ते यंत्र त्याच कंपनीने १९९५ मध्ये आपल्या मोठ्या, महागड्या गाडीत आणले होते. लहान गाडीला ते कशाला, असा हिशोब होता. त्या उलटलेल्या गाडीने तो हिशोब मोडला. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचे आहे.

आपल्याकडे एल्क नाही, पण रोही आहे. डुक्कर आहे. रात्री नऊनंतर शेताच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर रोही कुठून उडी मारेल याचा नेम नाही. माणूस दचकून स्टिअरिंग फिरवतो, मग उलटे फिरवतो, आणि गाडी त्या दुसऱ्या फिरवण्यात उलटते. रोही निघून जातो. त्या दोन सेकंदांसाठी हे यंत्र आहे.

म्हणून तो दिवा गाडी चालवताना लुकलुकला तर घाबरू नका. लुकलुकणे म्हणजे यंत्र काम करते आहे, रस्ता निसरडा आहे, वेग कमी कर असे सांगते आहे. लुकलुकून विझला, ठीक. कायम पेटून राहिला तर यंत्र बंद पडले आहे. आणि दिव्याजवळ इंग्रजीत ‘ऑफ’ असे लिहून आले तर बहुतेक कोणीतरी बटण दाबून ते बंद केले आहे; बटण पुन्हा दाबा. लहान पोरे बटणे दाबतात.

बंद करायचे बटण दिलेच कशाला, असे कोणी विचारेल. ते तुमच्यासाठीच दिले आहे. गाडी काळ्या चिखलात रुतली की चाक फिरताच यंत्र इंजिनचा जोर कमी करते, आणि गाडी गुरगुरत जागच्या जागी राहते. अशा वेळी बटणाने ट्रॅक्शन बंद करावे, चाकाखाली पऱ्हाट्या टाकाव्यात, दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढावी. डांबरीला लागल्यावर बटण परत चालू. हे परत चालू करणे लोक विसरतात. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून चालू केले की आपोआप चालू होते, पण त्यावर विसंबू नका, दिवा बघा.

आता कोणत्या गाडीत काय असते. आपल्या देशात एप्रिल २०१८ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलना आणि एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत ते बहुधा नसायचे. स्टॅबिलिटीचे तसे नाही. स्वस्त गाडीत ती असेलच असे समजू नका. भारत एनकॅप नावाची जी तपासणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, तिच्यात तीन किंवा जास्त तारे मिळवायचे तर स्टॅबिलिटी लागते. त्यामुळे कंपन्या ती खालच्या मॉडेलांतही देऊ लागल्या. पण तुम्ही जी २०१६ ची गाडी घेणार आहात तिला हे तारे लागू नाहीत.

आता जुनी गाडी घेण्याबद्दल. यावर जरा जास्त बोलतो, कारण फसवणूक इथे होते.

गेल्या पावसाळ्यात वणीकडचा एक मुलगा मुंबईत गाडी घेऊन, घरी निघण्याआधी ओळखीने आमच्याकडे आला. बायको आणि दोन लेकरे सोबत. दलालाने सांगितले होते, एकही दिवा पेटत नाही, गाडी एकदम साफ. आम्ही चावी फिरवली. सगळे दिवे लागले, एबीएसचा लागलाच नाही. बॉनेटखाली एबीएसचा ठोकळा तर होता. मीटर खोलून बघितले, तर दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली. चिकटपट्टी काढली तर दिवा ठणठणीत पेटत होता. दोष काय निघाला? मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची वायर गंजून तुटलेली. आमच्याकडे खाडीची खारी हवा, गंज चढायला वेळ लागत नाही. तासाभराचे काम. ते करण्याऐवजी पट्टी लावली आणि पावसात समृद्धीवरून लेकराबाळांसकट जाणाऱ्या माणसाला ती गाडी विकली. दुरुस्तीचे पैसे आणि पट्टीचे पैसे यातला फरक दलालाच्या खिशात गेला, एवढाच तो व्यवहार.

तर चावी अशी बघायची. गाडी सुरू करायची नाही, नुसती चावी फिरवायची, किंवा बटणाची गाडी असेल तर क्लचला किंवा ब्रेकला पाय न लावता बटण दाबायचे. तांबडा ब्रेक, पिवळा एबीएस, घसरणारी मोटार असेल तर तिचा, सगळे दिवे लागले पाहिजेत. दोन-चार सेकंदांत, किंवा इंजिन सुरू झाल्यावर, विझले पाहिजेत. लागलाच नाही तर तीन शक्यता: बल्ब गेला, कोणी झाकला, किंवा त्या गाडीत ते यंत्रच नाही. यंत्र आहे की नाही हे बॉनेटखाली कळते. मुठीपेक्षा मोठा ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यातून ब्रेकच्या पाच-सहा बारीक नळ्या निघालेल्या. तो असेल आणि दिवा नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.

याहून हुशार दलालही असतात. ते एबीएसच्या दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडतात. मग तो लागतोही आणि विझतोही, पण नेमका त्या दुसऱ्या दिव्याबरोबर, त्याच क्षणी. दिवे एकेक करून विझताना नीट बघा. दोन-तीनदा चावी फिरवून बघा. खात्री करायची तर रिकाम्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, तीस-चाळीसच्या वेगात जोरात ब्रेक मारा. पेडल थरथरले तर एबीएस जिवंत आहे. चाके किंचाळत घसरली तर मेलेले आहे.

आणि पुराची गाडी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण त्यानंतरही मुंबईत गाड्या पाण्यात बुडतच आल्या, २९ ऑगस्ट २०१७ लाही बुडाल्या. अशी गाडी धुऊन, वाळवून, अत्तर मारून लांबच्या जिल्ह्यात पाठवली जाते. सेन्सरची जोडणी आतून हिरवी पडलेली असते. सहा महिन्यांनी दिवे एकामागून एक लागायला लागतात. सीटखालचा गालिचा उचलून वास घ्या, सीटच्या पट्ट्या पूर्ण ओढून त्यांच्या तळाशी गाळाची रेघ आहे का बघा, सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा.

घरच्या गाडीला दिवा लागला की लगेच मोठा खर्च आला असे समजू नका. आमच्या अनुभवात कारण बहुतेक वेळा लहान असते. चाकाजवळच्या सेन्सरला चिखल बसतो. आपली काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते. पाण्याने धुऊन बघा. उंदीर वायर खातो. सरकीच्या पोत्याशेजारी आणि पऱ्हाटीच्या गंजीजवळ गाडी उभी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर घातला, तर ते चाक वेगळ्या वेगाने फिरते आणि यंत्राला वाटते की ते घसरते आहे. चारही टायर एका मापाचे हवेत. ब्रेकच्या पेडलवरचा साधा स्विच खराब झाला तरी स्टॅबिलिटीचा दिवा लागतो. मागचे ब्रेकचे दिवे लागतात का हे कोणाला तरी मागे उभे करून बघा. चार-पाच दिवे एकदम लागले तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर. बॅटरी काढून बसवल्यावर काही गाड्यांत स्टॅबिलिटीचा दिवा लागून राहतो. स्टिअरिंग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, थोडी गाडी चालवा, तो विझतो. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

फिटरकडे गेलात तर स्कॅनर लावायला सांगा आणि कोड स्वतः बघा, मोबाइलवर फोटो काढून घ्या. साध्या स्वस्त स्कॅनरला इंजिनचेच कोड दिसतात, एबीएसचे दिसतीलच असे नाही. कोणी म्हणाले, एबीएसचा अख्खा ठोकळाच बदलावा लागेल, तर आधी विचारा: चारही चाकांचे सेन्सर आणि त्यांच्या वायरी तपासल्या का? ठोकळा फार महाग, सेन्सर त्या मानाने स्वस्त. आणि नुसता कोड पुसून दिवा विझवणाऱ्याला पैसे देणे म्हणजे चिकटपट्टीचेच पैसे देणे.

हे सगळे आत्ताच का सांगतो? रस्ता बदलला म्हणून. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी उघडला, ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे हा तुकडाही. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना, कापसाचा सगळा पट्टा त्याने कापला. मोटारींना १२० ची मर्यादा. ज्या गाड्या आजवर साठच्या वर गेल्या नव्हत्या त्या तिथे शंभर-एकशेवीसने जातात. वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. साठला कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून मोटामोटी वीस मीटर, एकशेवीसला ऐंशी. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर त्यात आणखी तेहतीस मीटर. चौकोनी एकराची एक बाजू चौसष्ट मीटरच्या आत-बाहेर असते. म्हणजे जवळजवळ दोन एकरांची लांबी. तीही चारही चाके आणि एबीएस धड असताना, आणि पाऊस नसताना.

१ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस पेटून २५ माणसे गेली. तुम्हा सगळ्यांना ती रात्र आठवते. त्या बसचा दोष या दिव्यांचा होता असे आम्ही म्हणत नाही. पण त्या वर्षी आरटीओने त्या रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला घेतले आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत फिरवल्या, ते योग्यच होते. टायरची नक्षी किती उरली, हे सांगणारा दिवा कुठल्याच गाडीत नाही. नक्षीच्या खाचेत लहान उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे; नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. झिजलेले पॅडही बऱ्याच गाड्यांत दिवा लावत नाहीत, नुसते किर्र करतात. घाटात तापून ढिले पडलेले ब्रेकही दिवा लावत नाहीत, जळका वास देतात. दिवा विझलेला आहे म्हणजे गाडी ठीक आहे, असे उलटे गणित मांडू नका.

आणि यंत्र कितीही चांगले असले तरी कापसाने उंच भरलेली बंडी धुऱ्यावर कलंडायची ती कलंडतेच. सात जणांच्या गाडीत अकरा माणसे आणि टपावर चार पोती घेतली की वजन वर जाते. स्टॅबिलिटी त्याला पुरी पडत नाही.

एका भावाने चिठ्ठी पाठवली आहे: पिकअपला आणि मोटारसायकलला हे लागू आहे का? तांबड्या ब्रेकच्या दिव्याचे सगळे पिकअपला जसेच्या तसे लागू आहे. रिकाम्या पिकअपचे मागचे बूड हलके असते, ते आधी घसरते, म्हणून एबीएस असेल तर तिथे त्याची किंमत जास्त. मोटारसायकलीचे असे की १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस आले, त्या मर्यादेच्या आतल्यांना एबीएस किंवा कॉम्बी ब्रेक. एबीएसचा दिवा मोटारसायकल उभी असताना पेटलेला राहतो आणि थोडी चालली की विझतो. उभ्या गाडीत पेटला म्हणून फिटरकडे नेऊ नका. चालवल्यावरही विझला नाही तर न्या.

जेवणानंतर आम्ही चिंचेखाली आहोत, संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ आहे. स्कॅनर सोबत आणला आहे. ज्यांच्या गाडीत दिवा लागतो त्यांनी या, आणि ज्यांच्या गाडीत चावी फिरवल्यावर दिवा लागतच नाही त्यांनी आधी या.